आतून शहाण्णव

आमच्या पारिजात कॉलनीत चौऱ्याऐंशी घरं आहेत आणि त्यांत सगळ्यात गुणी घर माझं आहे, असं फाटकाजवळचा फलक सांगतो. मला विचारलं असतं तर मी दुसरंच काही सांगितलं असतं. पण फलकाला कान नाहीत, आणि अकोल्यात ज्याच्या दारावर चांदणी लागली त्याला कुणी फारसं काही विचारत नाही. लांबून नमस्कार करतात आणि पुढे जातात.

चांदणी म्हणजे हिरव्या दिव्याची, तळहाताएवढी, घंटीच्या वर बसवलेली. कॉलनीत ती एकाच घराला मिळते. वीज, पाणी, गॅस, कचरा सगळं धरून ज्या घराचा भार सगळ्यात कमी आणि ज्याचे 'आतून' गुण सगळ्यात जास्त, त्या घराला. २०४३च्या उन्हाळ्यात ती माझ्या दारावर लागली.

मी हेमांगी काळमेघ. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. आम्हाला मूल नाही. अविनाश, माझा नवरा, चांदणी लागली त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीनंतर गेला. तो असताना चांदणी सोडाच, आमच्या घरावर दंड बसला नाही हेच नशीब. दाढी करताना हा माणूस नळ सोडून ठेवायचा. गॅलरीत पेपर वाचत बसला तरी आतल्या दोन्ही खोल्यांतले पंखे गरगरत असायचे. मी त्याच्या मागे मागे बटणं बंद करत फिरायचे आणि तोंडाने चालू असायचे, "एवढी वीज काय माझ्या वडिलांनी आंदण दिली आहे?" तो म्हणायचा, "त्यांनी तुला दिलं, तेवढा झटका पुरे आहे."

तो गेला आणि बंद करायची बटणंच उरली नाहीत, कारण ती लावणारा उरला नव्हता. सकाळी एकदा कुकर लावायचा, तोच भात दोन वेळा. पुढे कुकरचाही कंटाळा आला आणि दहीपोह्यांवर भागू लागलं. कूलर लावला की घरभर घरघर होते आणि बंद केला की घर आधीपेक्षा रिकामं वाटतं, म्हणून कूलर लावणं सोडलं. अकोल्याच्या सत्तेचाळीस अंशांत ओला पंचा अंगावर घेऊन मी फरशीवर पडून राहायचे. त्याला कुणी पर्यावरणप्रेम म्हणत असेल तर म्हणो बापडं.

आता हे गुण कुठून येतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

'समतोल' नावाची योजना आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात नवीन असं काही नव्हतं. शेजाऱ्यांची सरासरी काय आहे हे माणसाला दाखवलं की तो तिच्याकडे सरकतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. जास्त वापरणारा लाजून कमी करतो. पण त्यात एक खोट आहे. कमी वापरणाऱ्यालाही सरासरी दिसते, आणि 'अरे, मी उगाचच जिवाचा आटापिटा करतोय' म्हणून तोही वर सरकतो. एक खाली आला, दुसरा वर गेला, सरासरी जागच्या जागी. म्हणून 'समतोल'वाल्यांनी पुढचा प्रश्न विचारला. माणूस काटकसर करतो ती कशासाठी? बिलाच्या धाकाने, चारचौघांच्या लाजेने, की त्याला मनापासून तसं वाटतं म्हणून?

मनात काय आहे ते मीटरला कसं कळणार? त्यांनी युक्ती काढली. काही आठवडे दर एकदम उतरवायचे. काही आठवडे फलक आणि घरातल्या मीटरचे पडदे काळे करून टाकायचे, म्हणजे कुणाचं कुणाला दिसू नये. ज्याची काटकसर धाकाने होती तो दर उतरल्यावर सैल सुटतो. ज्याची लाजेने होती तो फलक काळा झाल्यावर सैल सुटतो. आणि बाहेरचं काहीही बदललं तरी ज्याचा आकडा जरासुद्धा हलत नाही, त्याची काटकसर आतून आलेली आहे, ते त्याचं मूल्य आहे. त्यावरून शंभरपैकी गुण. तर्क म्हणून चोख आहे, मीसुद्धा परीक्षेत पैकीच्या पैकी दिले असते.

मला शहाण्णव मिळाले. दर उतरले, फलक काळा झाला, पुन्हा उजळला, मी आपली फरशीवर. दुःखालाही विजेच्या दराशी काही देणंघेणं नसतं, हे त्या हुशार मुलांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या मात्र पहिल्याच दिवशी आलं होतं.

मग मी सांगितलं का नाही? त्याला कारण मयूरी.

मयूरी गावंडे माझ्या समोरच्या दारात राहते. चाळिशीची, कामाला वाघीण, कॉलनीची सेक्रेटरी. त्या वर्षी चातुर्मास लागला आणि एका दुपारी ती वाटीत पाटोडीचा रस्सा घेऊन दारात उभी राहिली. वासानेच माझा हात वाटीकडे गेला. पण वाटी घेतली की ती परत द्यावी लागते, आणि आपल्यात शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. माझ्या घरात साखर कधी संपली ते मला आठवत नव्हतं, आणि ती आणायला खाली जायचं त्राण नव्हतं. तेवढ्यासाठी मी म्हटलं, "नको गं मयूरी. माझं हल्ली एक वेळच असतं."

तिने डोळे मोठे केले. "नेम धरला काय मॅडम?"

मी "हं" म्हटलं. दार लावताना माणूस जसं म्हणतो तसं.

ती वाटी तशीच हातात धरून दोन पावलं मागे सरली. "माहीतच नव्हतं जी. नाहीतर वास घेऊन दारात आलीच नसती." तिच्या चेहऱ्यावर अपराध होता. नेम असलेल्या माणसाला मोहात पाडणं म्हणजे पाप, तिला तसंच शिकवलेलं.

आठवडाभरात कॉलनीला कळलं. मॅडमचा नेम आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण सोडतं, मॅडमनी दिवा, कूलर आणि एक वेळचं जेवण सोडलं आहे. फलक म्हणत होता आतून, लोक म्हणत होते नेम, दोघांचं एकमत झालं आणि माझं मत कुणी घेतलं नाही. त्यानंतर माझ्याकडे वाटी आली नाही. बारशाला, साखरपुड्याला मला मानाची खुर्ची मिळायची आणि पंगत बसली की कुणीतरी दबक्या आवाजात सांगायचं, "मॅडमला आग्रह नका करू." मी पाण्याचा पेला धरून बसायचे. कार्तिकी एकादशीला सगळ्यांचे नेम सुटले. माझा बारा महिन्यांचा आहे असं आपोआपच ठरलं.

खरं सांगायला रोज सकाळी एक संधी होती. पण काय सांगणार? 'माझ्यासाठी कुणी वाढत नाही म्हणून मी जेवत नाही' हे मोठ्याने म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय दुसरीही एक गोष्ट होती. मयूरीच्या सासूबाई, लताबाई, माझ्याच वयाच्या. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याखाली हवेची गादी असते, ती विजेवर आळीपाळीने फुगते आणि बसते, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. उन्हाळ्यात ज्या कॉलनीची सरासरी 'समतोल'ने आखलेल्या रेषेच्या खाली, तिला दुपारची वीज अखंड. रेषेच्या वर गेली की एक ते चार अंधार. आमची कॉलनी रेषेला जेमतेम खालून चिकटलेली होती. आणि मला वाटायचं की माझा तो चिमुकला आकडा सगळ्यांना खाली धरून आहे. फरशीवर पडल्या पडल्या मी मनाशी म्हणायचे, हेमांगीबाई, तुम्ही पडून आहात पण उगाच पडून नाही आहात. खोटं कशाला बोलू, त्या विचाराने बरं वाटायचं.

पुढच्या एप्रिलमध्ये उज्ज्वला आली.

उज्ज्वला ढोरे आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर अमरावतीला फ्लॅट घेऊन राहिली. तिच्या कॉलनीतही 'समतोल' होतं, पण तिथले लोक ऐसपैस, सरासरी आमच्या दुप्पट. आठ दिवसांसाठी आले म्हणाली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"काय गं हेमा, नुसती वाळून राहिली. अन् घरात अंधार कशाचा? मीटर कापलं काय?"

मी चांदणीचं सांगितलं. तिने दार उघडून पुन्हा एकदा चांदणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे. आता किराणा कुठं मिळते ते सांग."

त्या आठ दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात काय काय शिजलं! कढीगोळे झाले, वडाभात झाला, आंब्याचं सार झालं. कूलर लावला आणि त्याच्या घरघरीवर आवाज चढवून आम्ही भांडलो, प्राचार्यांच्या नकला केल्या, कोण कोण गेलं त्याची उजळणी केली. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली की मागे पंखा चालू राहायचा. मी उठून बंद करायचे आणि बटणावर हात ठेवून जरा वेळ तिथेच उभी राहायचे. अविनाश गेल्यापासून मला इतकं सुख झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी फलकावरची सरासरी चढली. सहाव्या दिवशी रेषेच्या वर गेली. सातव्या दिवशी दुपारी एकला कूलर घरघरत थांबला आणि कॉलनीभर शांतता पसरली.

तासाभराने मी दार उघडलं. समोरचं दार वाऱ्यासाठी सताड उघडं होतं आणि आत मयूरी लताबाईंना दोन्ही हातांनी कुशीवर वळवत होती. गादीची बॅटरी संपली होती. लताबाई कण्हत होत्या. मयूरीला पदराने घाम पुसायची सोय नव्हती, कारण पदर सासूच्या मानेखाली होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून हसली.

"मॅडम, पाहुण्या अजून किती दिवस हायेत जी?" आणि लगेच, "नाही, सहज विचारलं. राहू द्या त्यांना."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी परतून दोन शब्द बोलले असते. या सहज विचारण्यावर मी नुसती दार लोटून आत आले.

संध्याकाळी उज्ज्वला शेंगदाणे भाजून घेऊन बसली आणि म्हणाली, "हेमा, मी तिकडचा फ्लॅट देऊन टाकते. इथंच येते. दोघी राहू. तुला खायला घालायला कोणी पाहिजे अन् मला बोलणी खायला."

मी हे वाक्य दीड वर्ष कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहत होते, हे ते ऐकल्यावर कळलं. आणि मी काय केलं, तर शेंगदाणे ओढून तिला हिशेब मांडून दाखवला. शिक्षकाची जात.

"हे बघ. माझं घर म्हणजे दोन दाणे. तुझं घर सहा. एकूण आठ. आपण एकत्र राहिलो तर एक फ्रिज, एक कूलर, एक चूल. सात दाण्यांत भागेल."

"म्हणजे एक दाणा वाचला," म्हणत तिने एक उचलून तोंडात टाकला.

"वाचला. पण तुझ्या कॉलनीची सरासरी दहा आहे. तू तिथली कमी वापरणारी. तू निघून आलीस की तिथली सरासरी वर जाणार. आणि आमची पाच. माझं घर दोनाचं सात झालं की आमचीही वर जाणार."

तिने डोळे बारीक केले. "थांब. एकूण वापर कमी झाला, अन् दोन्हीकडची सरासरी वाढली?"

"हो."

"म्हणजे पृथ्वीचं भलं अन् दोन्ही कॉलन्यांचं वाटोळं!"

"फलकापुरतं."

"मग तो फलक चुलीत घाल ना!"

"समोर लताबाई आहेत, उज्जू. आज दुपारी पाहिलंस ना तू."

ती दाण्यांची सालं फुंकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अन् इकडं मी आहे, हेमा."

मी उरलेले दाणे गोळा करून डब्यात भरले. ती ठरलेल्या दिवशी बसने गेली.

पुढच्याच आठवड्यात फलक रेषेच्या खाली आला आणि दुपारची वीज सुरू झाली. मी पुन्हा दहीपोह्यांवर आले होते. मयूरीने जिन्यात मला वाकून नमस्कार केला. "आईची पाठ बरी आहे आता. तुमच्यामुळे, मॅडम." त्या दिवशी मी घरात येऊन खूप रडले, आणि त्यात थोडा अभिमानही होता.

उज्ज्वलाचा फोन आधी रोज यायचा, मग आठवड्याने, मग सणावारी. दरवेळी ती विचारायची, "मग? काय ठरवलं?" मी म्हणायचे, "हा उन्हाळा जाऊ दे." उन्हाळा गेला की म्हणायचे, "पुढचा उन्हाळा कसा जातो बघू." दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत तिने विचारलंच नाही. अमरावतीचा फ्लॅट देऊन ती नागपूरला भाचीकडे राहायला गेली होती.

शौनक सरोदे आला तो त्यानंतरच्या मार्चमध्ये. 'समतोल'चा विश्लेषक, तिशीचा, नम्र, घाम पुसत आलेला. त्यांना शाळांमधून दाखवायला एक छोटी फिल्म करायची होती. 'आतून' शहाण्णव गुणांचं घर कसं असतं, ते मुलांनी बघावं म्हणून. त्याने टेबलावर कॅमेरा ठेवला, स्वतःचा टॅब उघडला आणि विचारलं, "मॅडम, ही प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली? फलक काळा असायचा तेव्हासुद्धा तुम्ही एक युनिट जास्त वापरलं नाही. त्या काळात मनात काय असायचं?"

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला वर्गातली पहिली बाकं आठवली. मुलांना खोटं शिकवायचं नाही, एवढा एकच नेम मी आयुष्यात खरोखर पाळला आहे.

"काही नसायचं," मी म्हटलं. "दिवा लावावा असं घरात कुणी नाही, म्हणून लावत नाही. रांधावं असं कुणी नाही, म्हणून रांधत नाही. नवरा गेला तेव्हापासून हे असं आहे. तुमच्या यंत्राने त्याला मूल्य म्हटलं."

शौनकने हात पुढे करून कॅमेरा बंद केला. मग टॅबवर बोटं फिरवू लागला.

"काय बघतोस?"

"राज्यातली नव्वदच्या वरची घरं, मॅडम. किती माणसांची आहेत ते लावून बघतो. आम्ही हे कधी लावलंच नव्हतं." आकडे आले. तो वाचत गेला आणि त्याचा आवाज बसत गेला. "एक माणूस. एक. एक. दोन. एक. एक..." त्याने टॅब पालथा ठेवला. "बहुतेक सगळी एकट्यांची आहेत."

आम्ही दोघं त्या पालथ्या टॅबकडे बघत बसलो. मला वाशीमची कुणी, लातूरची कुणी, सटाण्याची कुणी दिसायला लागली. दारावर चांदणी, आत अंधार, आणि बाहेरून जाणारे लांबून नमस्कार करताहेत.

मुलगा मनाने चांगला होता. मला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "मॅडम, पण तुम्ही कॉलनीचं ओझं मनावर घेऊ नका. तुम्ही हवं तसं राहा. कूलर लावा, पाहुणे बोलवा. तुमचं घर सरासरीत धरलेलंच नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षापासूनच. सगळ्यात वरची चार घरं आणि सगळ्यात खालची चार घरं आम्ही छाटून टाकतो, आणि उरलेल्यांची सरासरी फलकावर लावतो. नाहीतर एकदोन टोकाच्या घरांमुळे बाकीच्यांवर अन्याय होतो ना. तुम्ही तर शिकवलंच असेल हे."

शिकवलं होतं. दरवर्षी शिकवलं होतं. गाण्याच्या स्पर्धेचं उदाहरण देऊन. परीक्षकांत एखादी स्पर्धकाची आत्या असते, ती शंभरपैकी शंभर देते, एखादा खडूस दहा देतो, म्हणून वरचा आणि खालचा गुण काढून टाकायचा. मुलं हसायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"पण माझी मैत्रीण आली होती," मी म्हटलं. "आठ दिवस. तेव्हा फलक चढला. वीज गेली."

त्याने टॅब सरळ केला, तो आठवडा शोधला. "एप्रिलचा तिसरा आठवडा. त्या वर्षीची सगळ्यात मोठी उष्णतेची लाट होती ती. सगळ्यांनीच कूलर दिवसभर चालवले. पुढच्या आठवड्यात आभाळ आलं आणि आकडा उतरला. तुमच्या घराची इथं वेगळी नोंद आहे, यंत्राने 'पाहुणे' अशी खूण करून सोडून दिलंय." तो थोडं हसला. "यंत्राला कळलं होतं, मॅडम, घरी कुणीतरी आलंय ते."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढणारी बाई मी. माझ्या पाच दाण्यांनी चौऱ्याऐंशी घरांची सरासरी किती हलणार, हा भागाकार पोरसवदा विद्यार्थ्यानेही केला असता. मी केला नाही. उरलेली वाढ लोक माझं बघून करत असतील, अशी स्वतःची समजूत घातली. कारण चौऱ्याऐंशी घरं माझ्या आधाराने उभी आहेत, हे मला हवं होतं. कुणालाच आपली गरज नाही, यापेक्षा ते बरं होतं. आणि त्याच्यासाठी मी उज्ज्वलाला बसमध्ये बसवून दिलं होतं.

शौनक निघाला तेव्हा दारात घुटमळला. "मी वरती कळवतो, मॅडम. हे एकट्यांचं. काहीतरी करायला पाहिजे." मी म्हटलं, "कळव बाबा." जाताना त्याने चांदणीकडे पाहिलं नाही.

मी उज्ज्वलाला फोन लावला. तिने उचलताच, नमस्कार-चमत्कार न करता सगळं सांगितलं. मी त्या सरासरीत नव्हतेच, उज्जू, पहिल्यापासून नव्हते. ती आधी हसली. खोखो हसली, तिच्या पद्धतीने. मग हसू ओसरलं आणि पलीकडे कुणी लहान मूल बडबडताना ऐकू आलं.

"मग आता ये म्हणून राहिली काय तू मला?"

"हो. ये. मला तू इथं हवी आहेस. मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं."

"म्हणायला पाहिजे होतं," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "आता कसं जमेल गं? भाची अन् तिचा नवरा दोघंही कामाला जाते. तिची पोरगी माझ्याशिवाय जेवत नाही. मी उठली की रडते." थोडं थांबून तिने विचारलं, "तू जेवली काय?"

दुपारचा दीड वाजून गेला होता. मी म्हटलं, "जेवते आता." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पोह्यांचा डबा होता. दही नव्हतं. भूक लागली होती, आणि ती नुसती आजची नव्हती. तशी भूक मला इतकी वर्षं लागलीच नव्हती, किंवा लागली असेल आणि मी तिला दुसरं काही नाव दिलं असेल.

पायात चपला सरकवल्या, बाहेर आले आणि समोरची घंटी वाजवली. मयूरीने दार उघडलं. हात पिठाचे होते. आतून फोडणीचा वास येत होता, आणि मला पाहताच ती सवयीने दार ओढून घेऊ लागली, वास बाहेर येऊ नये म्हणून.

"ओढू नको," मी म्हटलं. "मयूरी, मला भूक लागली आहे. तुझ्याकडे जेवायला काय आहे?"

ती बघतच राहिली. "मॅडम... पण तुमचा नेम?"

"नेम कधीच नव्हता. त्या दिवशी वाटीत परत घालायला घरात साखर नव्हती. तू विचारलंस आणि मी हं म्हटलं. तेवढंच."

"तीन वर्षं?" तिच्या तोंडून एवढंच आलं. तिचे डोळे भरले आणि पिठाच्या हातांनी ते पुसता येईनात. "मॅडम, तीन वर्षं आम्ही तुमच्यासमोर पंगती उठवल्या जी. तुम्ही पाणी पीत बसून राहिल्या, अन् आम्ही म्हणायचो, काय मन घट्ट आहे बाईचं."

"घट्ट नाही गं," मी म्हटलं. "एकटी होते." हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला किती सोपे होते, याचं मला नवल वाटलं. मी तशीच दारात उभी राहिले.

आतून लताबाईंचा जड, अडखळता आवाज आला. "कोन हाय वं?"

मयूरीने कोपराने दार पूर्ण उघडलं, मला आत घेतलं आणि वळून मोठ्याने सांगितलं, "समोरच्या मॅडम आल्या, आई. जेवायला आल्या."